मंत्रिमहोदय, ‘ओआरएफ-वन-एबी’ म्हणजे काय, ते ऐकून घ्या

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी दुपारी शिपायाने माझ्या हातात दोन ओळींचं पत्र दिलं. कोविड चाचणीचं काम उरलेलं नाही, सबब कंत्राटी तंत्रज्ञांची सेवा महिनाअखेर संपते. जून २०२० पासून अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर मी या जिल्ह्याच्या आरटीपीसीआर प्रयोगशाळेत आहे. २०२१ साली आवारात मांडव घालून आम्हाला शाली दिल्या होत्या आणि एकाही कोविड योद्ध्याला घरी पाठवणार नाही, असा शब्द व्यासपीठावरून दिला होता. शाल कपाटात आहे. शब्दाचं काय झालं, ते विचारायला हे पत्र लिहिते आहे.

खरं तर नोकरीसाठी चार ओळींचा अर्ज पुरला असता. पण मला त्याहून जुनं काही सांगायचंय.

आमच्या रिपोर्टवर एक नाव छापलेलं असायचं: ओआरएफ-वन-एबी. एका प्लेटमध्ये ९४ नमुने आणि दोन कंट्रोल, अशा दिवसाला सहा-सहा प्लेटा लावल्या आम्ही. ते नाव मी किती हजार वेळा टाईप केलं याची गणती नाही. तो विषाणूचा एक जीन, एवढंच प्रशिक्षणात सांगितलं होतं. बाकीचं मी रात्रपाळीत मोबाईलवर वाचून, एका निवृत्त प्राध्यापकांना फोन करकरून शिकले. का शिकले, ते पुढे येईलच.

साहेब, या विषाणूकडे स्वतःचं प्रथिन बनवायची काहीच सोय नसते. जवळ फक्त सुमारे ३० हजार अक्षरांची आरएनएची पट्टी. तो पेशीत शिरतो तेव्हा त्या पट्टीच्या पुढच्या टोकाला टोपी आणि मागे ‘ए’ अक्षरांची शेपटी असते, अगदी आपल्या पेशीच्या ‘हे प्रथिन बनवा’ सांगणाऱ्या निरोपांसारखी. आपल्या पेशीतले रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, तिला घरचीच चिठ्ठी समजून वाचायला घेतात. वाचतात तीन-तीन अक्षरांनी. निम्म्या वाटेवर ‘यूयूयूएएएसी’ अशी निसरडी जागा येते, आणि तिच्या पुढे आरएनएला गाठ बसलेली असते. रायबोसोम तिथे अडखळतो आणि काही वेळा एक अक्षर मागे घसरतो. घसरला नाही तर थोड्याच अंतरावर थांबतो. घसरला तर पुढचा सगळा भाग वाचून काढतो, आणि त्या पुढच्या भागातच विषाणूच्या प्रती काढणारं यंत्र लिहिलेलं असतं. ‘ओआरएफ’ म्हणजे सलग वाचला जाणारा भाग; ‘वन-ए’ त्यातला अलीकडचा, ‘बी’ घसरल्यानंतरचा. कोरोनाविषाणूंची ही युक्ती १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी कोंबड्यांच्या ब्राँकायटिसच्या विषाणूत दाखवली होती. म्हणजे आपल्याला नवीन असलेली गोष्ट पुस्तकात तेहतीस वर्षं पडून होती.

या वाचनातून निघालेल्या लांब साखळ्या विषाणूचीच दोन प्रथिनं कात्रीसारखी कापतात, त्यातून १६ तुकडे होतात. पहिल्याच तुकड्याने मी हादरले. तो रायबोसोममध्ये निरोप जिथून आत जातो त्या तोंडात बोळ्यासारखा जाऊन बसतो. गिरणीत आपलं दळण लावायचं आणि दुसऱ्या कुणाचं धान्य तोंडातून आतच जाऊ द्यायचं नाही, तसं. शेजारच्या पेशींना सावध करणारं इंटरफेरॉन बनवायलाही पेशीला रायबोसोमच लागतो, आणि तोच अडवलेला. विषाणूच्या पट्ट्यांच्या सुरुवातीला मात्र एक ठरावीक तुकडा असतो, त्याच्या बळावर त्या आत शिरतात. मग त्याच गिरणीत काटेरी प्रथिन बनतं, आवरणाचं बनतं, सगळं बनतं. हे सगळं लक्षणं दिसायच्या आधी आणि दिसल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जोरात चालतं.

एप्रिल २०२१ मध्ये माझ्या दादाचा नमुना मीच लावला. ताप येऊन तिसरा दिवस. त्याची रेष सोळाव्या फेरीलाच वर चढली; जितक्या कमी फेऱ्यांत रेष चढते, तितका नमुन्यात विषाणू जास्त. पडद्याकडे बघत मी ग्लोव्हज न काढता तशीच उभी राहिले. सोळा म्हणजे विषाणूने गिरणी पूर्ण ताब्यात घेतलेली. त्या दिवशी त्याला घरी थांबायला सांगितलं, कारण ऑक्सिजन ९७ होता आणि बेड नव्हता. नवव्या दिवशी ऑक्सिजन ८४ वर आला, तेव्हा खाजगी रुग्णालयाने चिठ्ठी दिली: रेमडेसिविर, सहा वायल. वहिनीने पाटल्या मोडल्या. एकेक वायल पंचवीस हजारांना, मध्यरात्री पेट्रोल पंपामागे एका पोराकडून घेतली. सहाही दिल्या. तेराव्या दिवशी दादा गेला.

रेमडेसिविर बसतं ते त्या प्रती काढणाऱ्या यंत्रावर, म्हणजे ‘बी’ भागातल्या प्रथिनावर. नवव्या दिवशी दादाच्या फुप्फुसाला विषाणूच्या प्रतींपेक्षा त्याच्या स्वतःच्या शरीरात पेटलेला दाह जास्त जाळत होता. जागतिक आरोग्य संघटनेने २० नोव्हेंबर २०२० रोजीच, रुग्णालयात दाखल रुग्णांना हे औषध देऊ नका असं सुचवलं होतं. पाच महिन्यांनी आम्ही त्याच औषधासाठी रांगेत होतो. पुढे एप्रिल २०२२ मध्ये त्याच संघटनेने सौम्य आजार पण जास्त धोका असलेल्यांना ते द्यायला हरकत नाही म्हटलं. औषध वाईट नव्हतं, साहेब, वेळ चुकली. ती वेळ या विषाणूच्या कामाच्या क्रमावरून ठरते, आणि तो क्रम आम्हाला कुणी सांगितला नाही. टाळ्या वाजवायला सांगितलं, थाळ्या वाजवायला सांगितलं. गिरणी कधी चालू असते आणि औषध कधी लागतं, एवढं मराठीत सांगणारी पाच मिनिटं दूरदर्शनवर कुणाकडे नव्हती?

तुम्ही म्हणाल, हे झालं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ अखेरपर्यंत आपल्या देशात कोविडकाळात ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाले, सरकारी आकडा पाच लाखांच्या आत. सरकारने तो अंदाज नाकारला. मग दादा कुठल्या रकान्यात आहे? त्याच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलंय, त्यामुळे ५० हजारांच्या सानुग्रह अर्जासाठी वहिनीला तीन चकरा माराव्या लागल्या. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के आरोग्यावर खर्च करू असं लिहिलंय. संशोधनावर देशाने २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च केला. प्लेगची लस ज्या मुंबईत १८९७ मध्ये तयार झाली, विषाणूंची राष्ट्रीय संस्था ज्या पुण्यात आहे, त्या राज्यातल्या जिल्ह्याला विषाणू ओळखणारी दोन माणसं पगारावर ठेवणं परवडत नाही? साथ आली की भरती, गेली की पत्र. पुढच्या साथीत नवीन पोरं येतील, पुन्हा कुणीतरी त्यांना सांगेल की तो एक जीन आहे, बाकीचं विचारू नका.

मला कायम करा, हे मागणं आहेच. पण त्याआधी एक काम तातडीने करा. मशीनवर बेडशीट टाकली आहे, त्याला वेळ आहे. उणे ८० च्या फ्रीझरमध्ये २०२० आणि २०२१ चे नमुने आहेत, त्यांना वेळ नाही. परवा तीन तास वीज गेली तेव्हा जनरेटर सुरू करायला माणूस नव्हता, मीच घरून धावत गेले. ३१ तारखेनंतर मला आत सोडणार नाहीत. फ्रीझरची चावी माझ्याकडे आहे, ताब्यात घ्यायला अजून कुणी आलेलं नाही. कृपया सही करून घेणारा माणूस पाठवा.

आपली,
एक कंत्राटी प्रयोगशाळा तंत्रज्ञ