अव्याला, नातवाच्या दुखण्याबद्दल

सातारा
शनिवार, रात्रीचे अकरा

प्रिय अव्या,

परवा फोनवर तुला धड काही सांगता आलं नाही. बाहेर बाकड्यावर दहा-बारा पेशंट, आतली बाई पोट उघडं टाकून पडलेली, आणि तू मध्येच "मीच आग्रह केला रे त्या रोटाच्या लशीच्या थेंबांचा" म्हणालास आणि गप्प झालास. पन्नास वर्षांत तुला गप्प झालेला मी दोनदाच पाहिलाय. एकदा दहावीच्या गणिताच्या पेपरनंतर आणि एकदा तुझे काका गेले तेव्हा. म्हणून आज लिहायलाच बसलो. फोनवर तू मध्ये तोंड घालतोस, पत्रात ती सोय नाही.

आधी बाळाचं. तू पाठवलेले सोनोग्राफीचे फोटो मोठे करून पाहिले. पहिल्या फोटोत उजव्या कुशीत जे गोल दिसतंय ना, कांद्याची चकती कापल्यासारखं, एकात एक कडी, तेच दुखणं. लहान आतड्याचा शेवटचा भाग पुढच्या मोठ्या आतड्यात शिरलेला. घाईत सदरा काढताना बाही अर्धी आत ओढली जाते, तसं. आतडं आवळलं की पोर किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, मग एकदम शांत होतं, झोपतंसुद्धा. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. तुझ्या लेकीने "मधेच हसत होता हो" असं सांगितलं म्हणालास, म्हणून तर पहिल्या डॉक्टरला गॅस वाटला. त्याला फार बोल लावू नका. मधल्या वेळात बघितलं तर पोर खरंच बरं दिसतं. शीतून रक्तमिश्रित शेंबूड येतो त्याला पुस्तकात 'रेड करंट जेली' म्हणतात. ते करंट नावाचं विलायती फळ आमच्या वर्गात कुणीही पाहिलेलं नव्हतं. इथल्या बाया "आमसुलाच्या गरासारखं झालं" म्हणतात, आणि ते ऐकलं की मी सोनोग्राफीचा प्रोब हातात घेतो.

दुसऱ्या फोटोत, म्हणजे सलाइनचा एनिमा दिल्यानंतरच्या, चकती गेलेली आहे आणि पाणी पुढे लहान आतड्यात उतरलेलं दिसतंय. काम झालं. ऑपरेशन टळलं, कारण तुम्ही रात्रीच नेलंत. सकाळची वाट बघितली असती तर कदाचित वेगळं पत्र लिहावं लागलं असतं. दहांतल्या एखाद्याला पुन्हा होतं, बहुतेकदा पहिल्या एक-दोन दिवसांत. ते दिवस गेले. तरी तसंच थांबून थांबून रडू लागला तर सरळ दवाखान्यात, मला फोन करत बसू नका.

आता तुझा खरा प्रश्न, लशीमुळे हे झालं का. डॉक्टरांनी विचारलं, "रोटाचा डोस कधी दिला होता?" हा प्रश्न विचारावाच लागतो, आम्ही सगळेच विचारतो. जावईबापूंनी त्या प्रश्नातूनच उत्तर काढलं. त्यात त्यांना मोबाइलवर कुठलासा निरोप आला की अमेरिकेत ही लस बंद केली होती. अव्या, तो निरोप खोटा नाही, अर्धा आहे. आणि अर्ध्याला पुसता येत नाही, उरलेलं अर्धं सांगावं लागतं.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत रोटाशील्ड नावाची लस आली. रोटाव्हायरस, म्हणजे पोरांना जबर जुलाब करणारा विषाणू, त्यावरची बाजारात आलेली पहिली. आधीच्या चाचण्यांत लस दिलेल्या १०,०५४ मुलांपैकी पाच जणांच्या आतड्यात आतडं शिरलं होतं, आणि लस न दिलेल्या ४,६३३ पैकी एकाच्या. तू बँकेत आयुष्यभर ताळे जुळवलेस, तूच सांग, पाच आणि एक यावरून काय ठरवशील? नुसत्या योगायोगानेही इतका फरक पडू शकतो. म्हणून मंजुरी मिळाली, पण लशीबरोबरच्या माहितीपत्रकात हे दुखणं छापलं गेलं आणि लक्ष ठेवायचं ठरलं. वर्ष व्हायच्या आत, १९९९ च्या जुलैपर्यंत, पंधरा पोरांच्या नोंदी आल्या. देणं थांबवलं. ऑक्टोबरमध्ये कंपनीने लस मागे घेतली. पुढे हिशेब बसला तो साधारण दहा हजारांत एक. म्हणजे ती लस खरोखरच दोषी होती. जे हे नाकारतात ते जावईबापूंचं मत आणखी घट्ट करतात.

पण पुढचं कुणी सांगत नाही. अमेरिकेत रोटाव्हायरसने वर्षाला मरणारी मुलं काही डझन असायची. तिथे दहा हजारांत एक हा धोका जड होता. आपल्याकडे त्याच जुलाबांनी पाच वर्षांखालची पोरं वर्षाला हजारोंनी जायची. लस येण्याआधीचा अंदाज सुमारे ७८,००० चा आहे. आपल्याला तोच हिशेब वेगळा लागला असता. पण जी लस अमेरिकेने स्वतःच्या पोरांना द्यायची थांबवली ती दुसऱ्या देशाने कोणत्या तोंडाने मागायची? पुढच्या दोन लशींचे निकाल यायला २००६ उजाडलं. मधली वर्षं कोणाच्या खात्यावर टाकायची, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दोन लशींच्या चाचण्या एवढ्या मोठ्या का केल्या हे आता तुझ्या लक्षात येईल. दहा हजारांत एक शोधायचं तर दहा हजार मुलं घेऊन भागत नाही. एकीत ६८,००० वर, दुसरीत ६३,००० वर. पहिलीत डोसानंतरच्या ४२ दिवसांत लस मिळालेल्या सहा आणि न मिळालेल्या पाच मुलांना हे झालं. दुसरीत ३१ दिवसांत सहा आणि सात. बरोबरीत. आणि तरीही, लाखो पोरांना दिल्यावर काही देशांत थोडा वाढीव धोका सापडलाच, अमेरिकेच्या हिशेबाने वीस हजार ते एक लाखात एक. शून्य नाही. मी तुला शून्य सांगणार नाही.

तुझ्या नातवाला दिली ती यातली नव्हे. कार्डाचा फोटो पाहिला, ती आपली भारतीय रोटाव्हॅक. तिची गोष्ट मला फार आवडते. १९८०च्या दशकात दिल्लीत एम्समध्ये नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या शीत हा विषाणू सापडला, पण त्या बाळांना जुलाबच नव्हते. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो धरून ठेवला. त्याची लस होऊन चाचणी संपेपर्यंत पाव शतक गेलं. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याकडचा ग्रामीण भाग, अशी तीन ठिकाणं, ६,७९९ बाळं. रोटाच्या तीव्र जुलाबांपासून बचाव ५३.६ टक्के. ऐकायला निम्माच वाटतो, पण ज्याचं पोर त्या निम्म्यात येतं त्याला विचार.

त्या चाचणीत लस मिळालेल्या ४,५३२ मुलांत हे दुखणं सहा जणांना झालं आणि विषाणू नसलेले नुसते थेंब मिळालेल्या २,२६७ मुलांत दोघांना. दुप्पट मुलं, मग चार तरी येणारच; सहा आले, एवढा फरक योगायोगानेही पडतो. सगळे आठही तिसऱ्या डोसानंतरचे, म्हणजे या दुखण्याचं जे नेहमीचं वय, चार ते आठ महिने, त्याच्याच आगेमागे. पण खरं सांगू, आठ केसेसवरून मी काहीच बोलणार नाही. रोटाशील्डनेच ते शिकवलंय.

म्हणून २०१६ मध्ये ओडिशा, आंध्र, हरियाणा आणि हिमाचलपासून सरकारी कार्यक्रमात ही लस सुरू झाली तेव्हा मोजणीही सुरू झाली. २७ रुग्णालयं, तीन वर्षांहून जास्त काळ, या दुखण्याची ९७० बाळं. त्यांतली ५८९ हिशेबात घेतली. हिशेबाची पद्धत अशी सुरेख आहे की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. लस घेतलेली पोरं आणि न घेतलेली पोरं यांची तुलनाच करायची नाही, कारण न घेतलेल्यांचं घर वेगळं, खाणं वेगळं, दवाखाना लांब. प्रत्येक बाळाची तुलना त्याच्या स्वतःशीच. भिंतीवरचं कॅलेंडर काढ. डोसाच्या तारखांना लाल खूण कर, प्रत्येक खुणेच्या पुढचे एकवीस दिवस लाल रंगव. दुखणं झालं त्या दिवशी निळी खूण. आता अशी शेकडो कॅलेंडरं एकावर एक ठेव. लस दोषी असेल तर निळ्या खुणा लाल पट्ट्यात दाटीवाटीने पडतील, पहिल्या आठवड्यात तर जास्तच. वयाचा हिशेब तेवढा आधी चुकता करायचा, कारण तिसऱ्या महिन्यानंतर हे दुखणं आपोआपच वाढतं. त्या ५८९ बाळांत अशी दाटी दिसली नाही.

तुझ्या नातवाचं कॅलेंडर मी इथेच मांडलं. तिसरा डोस चौदाव्या आठवड्यात. दुखणं साडेपाच महिन्यांचा असताना. मध्ये सत्तर दिवस. लाल पट्टा संपूनही सात आठवडे उलटले होते.

याचा अर्थ "लशीमुळे नाहीच" अशी चिठ्ठी मी लिहून देऊ का? नाही देणार. एकट्या पोराबद्दल असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. मोजणी गर्दीबद्दल बोलते. पण या कॅलेंडरात लशीकडे बोट दाखवणारं मला काही सापडत नाही, आणि मी शोधत होतो, अव्या. मित्राचा नातू म्हणून दुप्पट शोधलं.

"मग कशामुळे?" असं तू विचारशील. या वयात दहांतल्या नऊ जणांत कारण हाती लागत नाही. त्या जागी आतड्याच्या भिंतीत गाठींसारखी पेशींची बेटं असतात, सर्दी-तापात ती सुजतात, आणि आतडं त्या सुजेला घास समजून पुढे ढकलतं, असं मानतात. नातवाला आदल्या आठवड्यात सर्दी होती म्हणालास. असेलही.

मोठ्या मुलांचं मात्र उलट आहे, आणि ते मी पुस्तकातून शिकलो नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी पाटणकडचा आठ वर्षांचा मुलगा आला. महिनाभर पोट दुखत होतं, जंताचं औषध दोनदा देऊन झालं होतं. प्रोब ठेवला आणि चकती. मला इतका आनंद झाला निदान सापडल्याचा! एनिमाने सुटलं, बाप पाया पडायला लागला, मी रिपोर्टवर सही केली आणि जेवायला गेलो. अकरा दिवसांनी तो पुन्हा आला, तीच चकती. या वेळी मी चकतीच्या तोंडाशी थांबलो. तिथे काळसर, एकसारखा, आतड्याचा थर पुसून टाकणारा गोळा होता. पहिल्या दिवशीच्या फोटोतही तो होता, मी नंतर काढून पाहिलं. आठ वर्षांच्या पोराच्या आतड्यात आतडं शिरलं तर आधी विचारायचं की पुढे ओढून नेणारं काय आहे, आणि मी ते विचारलं नव्हतं. बर्किट लिम्फोमा निघाला, एक प्रकारचा कॅन्सर. दुर्मीळ, आणि दिवसागणिक वाढणारा, त्यामुळे अकरा दिवस म्हणजे थोडे नव्हेत. पण औषधांना तितक्याच वेगाने वितळणाराही. परळला टाटाला पाठवला, किमो झाली. बाप अजून दर वर्षी तपासणीचा कागद मोबाइलवर पाठवतो. नमस्कार नाही, शब्द नाही, नुसता कागदाचा फोटो. मी तो उघडून आधी तारीख बघतो.

नातवाच्या फोटोत असा गोळा नाही, तुझ्या डोक्यात लगेच येईल म्हणून सांगून ठेवतो. दोनदा पाहिलं. शेजारच्या गाठी किंचित मोठ्या आहेत, सर्दीवाल्या पोराच्या असतात तशा.

त्या मुलानंतर मी एनिमाच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो कधीच चुकवत नाही. पुढे लशींच्या एका पाहणीसाठी आमच्याकडून केसेस मागवल्या तेव्हा कळलं की त्यांनाही हेच हवं असतं. नुसती चकती दिसली म्हणून पक्की नोंद होत नाही. एनिमाने सुटली आणि नंतरच्या फोटोत गेलेली दिसली, किंवा सर्जनने पोट उघडून पाहिली, तर ती पहिल्या दर्जाची धरतात. कारण जितकं शोधावं तितकं सापडतं. जुलाब झालेल्या पोरांच्या पोटावर प्रोब फिरवत बसलास तर लहान आतड्यात छोट्या चकत्या दिसतात, बघता बघता सुटतात, पोराला पत्ताही नसतो. त्या सगळ्या लशीच्या नावे मांडल्या तर लस बदनाम, आणि खऱ्या सोडल्या तर पोरं उघड्यावर. तुझ्या नातवाचे दोन्ही फोटो ज्या कुणी रात्री दोन वाजता काढले त्याला माझा नमस्कार सांग.

जावईबापूंशी वाद घालू नकोस. त्या रात्री पोराला कडेवर घेऊन जिना तेच उतरले होते. मात्र रोटाचे डोस संपलेत, आता पुन्हा नकोच, हे दुखणं होऊन गेलेल्याला देतही नाहीत. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस मात्र चुकवू नका, तिचा याच्याशी काही संबंध नाही. त्या वेळी ते नको म्हणाले तर मला फोन लावून दे, तू बोलू नकोस. तू बोललास की आवाज चढतो.

मंगळवारी पुण्याला कॉन्फरन्स आहे, दुपारी मोकळा होईन. वहिनींना सांग, जेवायला येतोय, वांग्याचं भरीत चालेल. आणि घरातलं जुनं कॅलेंडर रद्दीत घालू नकोस. जावयांना ते लाल-निळं मी समोर बसवून दाखवतो, तू तोवर नातवाला धर.

तुझा,
सुध्या