ताळा जमला पाहिजे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर शिकागोच्या रिग्ली फील्डला बेसबॉलची मॅच बघायला जाते आहेस हे कळलं. जाताना दोन पेन्सिली आणि खोडरबर ने, आणि आत शिरल्याबरोबर स्कोअरकार्ड (मॅच बघता बघता हाताने नोंदी करायचा तक्ता) विकत घे. पेन नको. रिप्ले पाहून पंचांचा निर्णय फिरतो, हिट (फलंदाजाच्या खात्यातला यशस्वी फटका) म्हणून दिलेला फटका नंतर एरर, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक, ठरतो, खाडाखोड होणारच. तिथला मोठा स्कोअरबोर्ड १९३७ पासून हाताने चालतो, आत माणसं बसून आकड्यांच्या पाट्या बदलतात. त्याच्यासमोर बसून मोबाइलवर स्कोअर बघणं मला पटत नाही.

आधी क्षेत्ररक्षकांच्या जागांचे आकडे पाठ कर, नोंदी त्यांतच लिहायच्या असतात. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे बसून झेलणारा) २, पहिला बेस (बेस म्हणजे धावकाने गाठायचा टप्पा) ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग मागचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. जर्सीवरच्या नंबरांशी यांचा काही संबंध नाही. नवखे लोक नेमके इथे घोळ घालतात.

आता एक चेंडू नीट बघ. पहिल्या बेसवर धावक आहे, फटका शॉर्टस्टॉपकडे गेला. त्याने दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून पहिल्यावर, दोघे आऊट. कार्डावर धावकाच्या चौकोनात ६-४ लिहून वर्तुळात १ (म्हणजे पहिला आऊट), फलंदाजाच्या चौकोनात ६-४-३ आणि वर्तुळात २. फटका मारणाऱ्याच्या खात्यात सगळं कोंबलं की धावक कागदावर जिवंत राहतो आणि पुढची सगळी इनिंग चुकत जाते.

स्ट्राइकआऊटला (तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद) इंग्रजी के लिहितात. बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक गेला, तर तोच के उलटा काढायचा. के हे चिन्ह रूढ केलं हेन्री चॅडविकने, इंग्लंडात जन्मलेला आणि क्रिकेटच्याही बातम्या लिहिणारा पत्रकार. आपल्या क्रिकेटच्या वहीशी बेसबॉलचं नातं असं जवळचं आहे. पण एक सवय मात्र सोडावी लागेल. आपल्याकडे झेल सुटला तरी पुढच्या धावा फलंदाजाच्याच. इथे साधा चेंडू सुटला की क्षेत्ररक्षकाच्या नावावर एरर चढतो, फलंदाजाला हिट मिळत नाही, आणि त्या चुकीमुळे झालेली धाव पिचरच्या सरासरीत धरत नाहीत. दोष ज्याचा त्याच्याच खात्यात, ही या खेळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

बाहेरच्या भिंतीवरच्या आयव्हीच्या वेलीत चेंडू अडकला आणि क्षेत्ररक्षकाने दोन्ही हात वर केले, तर पंच डबल, म्हणजे फलंदाजाला दुसरा बेस, देतात. त्याने पानांत हात घातला तर खेळ चालू, म्हणून चेंडूवर नाही, त्याच्या हातांवर नजर ठेव.

लिहायला वेळ कमी मिळतो. २०२३ पासून पिचरवर घड्याळ आहे, चेंडू टाकायला ठरलेलाच वेळ. बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, धावक असेल तर आता १८. सातव्या इनिंगच्या मध्याला सगळे उभे राहून गातात, तिथे कधी एखादा नट किंवा गायक पाहुणा असतो. तूही गा, पण पिचर बहुतेक वेळा त्याच सुमारास बदलतो. पिचर बदलला तिथे कार्डावर मारायची आडवी रेघ राहिली की पुढचे आऊट जुन्याच्या नावावर जातात.

शेवटी ताळा कर. एका संघाचे फलंदाजीला आलेले (तोच पुन्हा आला तर पुन्हा मोज) = धावा + बेसवर उरलेले + आऊट. समजा ३८ जण आले, ५ धावा झाल्या, २७ आऊट झाले (नऊ इनिंग, दर इनिंगला तीन), तर ६ उरलेच पाहिजेत. यजमान पुढे असतील तर नववा डाव ते खेळतच नाहीत, म्हणून त्यांचे आऊट २४ धर. मॅच दहाव्या इनिंगमध्ये गेली तर दुसऱ्या बेसवर आयता धावक उभा करतात. तो फलंदाजीला न येताच बेसवर आलेला असतो, म्हणून अशा प्रत्येक डावासाठी बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे एक मिळव. नाहीतर ताळा जमणार नाही आणि चूक नसताना तू शोधत बसशील. दिवसभर ऑडिटच्या नोंदी जुळवणाऱ्या तुला यात काही अवघड नाही.

रात्री कार्डाचा फोटो पाठव. नाही जुळला तरी पाठव, कुठे चुकलं ते दोघं मिळून शोधू.

तुझे,
बाबा