‘टाकाऊतून टिकाऊ’ या विभागात न मावणारी कला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय प्रदर्शनांतील ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विभागाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सापडलेल्या वस्तू जुळवून केलेली कोलाज (कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेले चित्र) आणि असेम्ब्लाज (खऱ्या वस्तू जोडून केलेली उठावाची रचना) ही कामेही त्याच विभागात घातली जातात आणि त्याच मापाने मोजली जातात, यामुळे ग्रामीण मुलांवर होणाऱ्या अन्यायाकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात एका प्रदर्शनात माझ्या आठवीतील विद्यार्थिनीने पाडलेल्या मातीच्या घराच्या दाराची एक फळी मांडली होती. फळीवर कापूस विक्रीच्या जुन्या पावत्या खळीने चिकटवलेल्या होत्या, मधोमध डवऱ्याची, म्हणजे पिकातले तण काढण्याच्या बैल-अवजाराची, झिजून बोटभर उरलेली पास (लोखंडी पाते) होती आणि तिच्याखाली विकलेल्या बैलाची वेसण व घुंगरमाळेतले उरलेले तीन घुंगरू तारेने बांधलेले होते. पास एका अंगाने अधिक झिजली होती आणि ते अंग पाहणाऱ्याला दिसावे म्हणून तिने ती किंचित तिरपी बसवली होती. परीक्षकांनी “याचा उपयोग काय?” एवढेच विचारले, मुलगी गप्प राहिली. बक्षीस बाटलीला सोनेरी रंग देऊन केलेल्या फुलदाणीला मिळाले. फुलदाणी करणाऱ्या मुलाचे कष्ट मी कमी लेखत नाही, पण ही दोन कामे एका रांगेत बसत नाहीत.

टाकाऊतून टिकाऊ करताना मूळ वस्तू ओळखू येऊ नये, हे कौशल्य मानले जाते. असेम्ब्लाजमध्ये मात्र वस्तू ओळखू यावी लागते. तिचा गंज, तिची झीज, तिच्यावरचे हातांचे डाग हेच त्या कामाचे रंग असतात. पिकासोने 1942 साली सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचे डोके केले. त्यात बैल दिसतो आणि सायकलही दिसत राहते. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या आमच्या मुलांना हे काम दाखवले, तेव्हा मला काही समजावून सांगावे लागले नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1961 साली या कलाप्रकाराचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि चिनी मातीच्या तुकड्यांतून उभारलेले रॉक गार्डन तर 1976 पासून लोकांसाठी खुले आहे.

साहित्यासाठी आम्हाला दुकानात जावे लागत नाही. फुटकी कवेलू, पऱ्हाटी, कापसाच्या बोंडांची वाळलेली टरफले, तिफणीचे मोडके चाडे, सुतळी, पोत्यांवरची छापील अक्षरे, सगळे घराच्या मागेच पडलेले असते. लोखंड लाकडावर डिंकाने टिकत नाही, म्हणून फळीला भोके पाडून ते तारेने आवळावे. सुटा गंज पॉलिश पेपरने काढून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि तेल पुरते वाळेपर्यंत, म्हणजे काही दिवस, काम हलवू नये. एका गोष्टीत मात्र मी कठोर आहे: कीटकनाशकांचे डबे, बाटल्या, झाकणे कितीही रंगीत दिसली तरी मुलांच्या हाती द्यायची नाहीत, धुऊनसुद्धा नाहीत. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आमच्या गावांनी जवळून पाहिले आहे.

माझी आयोजकांना विनंती एवढीच आहे की, येत्या प्रदर्शनापासून कोलाज आणि असेम्ब्लाजसाठी स्वतंत्र विभाग ठेवावा, परीक्षकांत निदान एक चित्रकार किंवा शिल्पकार असावा आणि मुलांना उपयोग विचारण्याऐवजी ती वस्तू कुठे सापडली व अमुकच जागी का बसवली, हे विचारावे. ती फळी सध्या आमच्या वर्गात टांगलेली आहे आणि नवीन विभाग झाल्यास ती पुन्हा मांडण्याची त्या मुलीची तयारी आहे.

आपला,
एक कलाशिक्षक,
जि. यवतमाळ