बॅकअपची वेळ न कळवता बदलल्याने झालेल्या खोळंब्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
डेटाबेस होस्टिंग सेवा

विषय: सोमवारच्या खोळंब्याचा आपला अहवाल दुरुस्त करून लेखी मिळण्याबाबत

महोदय,

सोमवारी सकाळी आमचा डेटाबेस पावणेदोन तास अडकला. त्याबद्दलचा आपला अहवाल काल मिळाला. मजकूर दोनच ओळींचा आहे: ग्राहकाच्या सदोष मायग्रेशनमुळे (डेटाबेसच्या रचनेतल्या बदलामुळे) टेबल लॉक झाले, आमच्या सेवेत दोष आढळला नाही. पहिली ओळ अर्धी खरी आहे. दुसरी अजिबात मान्य नाही.

आमचे सातपूरला चार जणांचे छोटे ऑफिस आहे. दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत भागातल्या द्राक्ष पॅकहाऊसना आम्ही नोंदणीचे सॉफ्टवेअर देतो. युरोपला जाणाऱ्या मालात प्रत्येक क्रेट कोणत्या नोंदणीकृत प्लॉटचा आहे हे कळल्याशिवाय पेटीवर लेबल लागत नाही, कारण औषधांच्या अंशाचा तपासणी अहवाल त्या प्लॉटच्या नावावर असतो. खुडा पहाटे उन्हाच्या आधी सुरू होतो, पिकअप साडेआठ-नऊला गेटवर लागतात. माल लवकर प्री-कूलिंगला गेला नाही तर देठ सुकायला लागतो. म्हणून हंगामात आम्ही डेटाबेसला हात लावतो तो सकाळी आठच्या आत. त्या वेळी डेटाबेसवर कोणाचेही काम चालू नसते. निदान आमचा तसा समज होता.

सोमवारी ७ वाजून ४० मिनिटांनी आपल्याच पॅनेलवरचे 'मायग्रेशन चालवा' बटण दाबले. बदल किरकोळ होता: क्रेटच्या टेबलात ब्रिक्स (द्राक्षातली साखर) लिहायला एक रिकामा कॉलम आणि लॉट नंबरवर एक इंडेक्स (शोध जलद करणारी सूची). आपल्या सपोर्टने सांगितले की ४० लाख ओळींच्या टेबलात कॉलम जोडल्यामुळे सगळे टेबल नव्याने लिहिले गेले, म्हणून वेळ लागला. हे चूक आहे. रिकामा कॉलम जोडताना पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) टेबल पुन्हा लिहीत नाही. २०१८ साली आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून तर ठरावीक डिफॉल्ट किंमत दिली तरी लिहीत नाही. लॉक (टेबलाचा ताबा) मिळाले की काम डोळ्याचे पाते लवण्याआधी होते. प्रश्न लॉक मिळण्याचाच होता.

ते का मिळाले नाही, हे आम्ही त्याच वेळी पाहिले. आमच्या अल्टर टेबलला (कॉलम जोडणाऱ्या आज्ञेला) अडवणारे सेशन (डेटाबेसशी चालू असलेली जोडणी) आपल्या बॅकअप खात्याचे होते. त्याची क्वेरी पाहायला गेलो तर 'पुरेसा अधिकार नाही' एवढेच दिसले, पण खात्याचे नाव दिसत होते. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. पीजी-डंप (बॅकअप घेणारा प्रोग्रॅम) सुरू झाला की तो प्रत्येक टेबलावर वाचण्याचे हलके लॉक घेतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. अल्टर टेबलला पूर्ण ताबा लागतो, म्हणून ते मागे थांबते. आणि ते थांबले की त्याच्या मागून येणारी साधी वाचायची क्वेरीसुद्धा रांगेत उभी राहते. एसटीच्या दारात एक जण भले मोठे बोचके घेऊन अडला की मागचे रिकाम्या हाताचेही खाली राहतात, तसे.

आपला बॅकअप रात्री २ ला होतो असे करारात लिहिले आहे. गेल्या पंधरवड्यात तो सकाळी साडेसातला होऊ लागला. कारण शोधायला फार डोके लागत नाही: रात्रीचे २ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपल्याकडचे ७.३०. कोणीतरी सर्व्हरचे घड्याळ बदलले आणि ग्राहकांना कळवायचे राहून गेले.

असे होईल म्हणूनच आम्ही कनेक्शनच्या सेटिंगमध्ये पाच सेकंदांचा लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबण्याची मर्यादा) ठेवला होता. तो चालला असता तर मायग्रेशन पाच सेकंदांत गप्प बसले असते आणि हे पत्र लिहावे लागले नसते. पण मध्यंतरी आपण पॅनेल आणि डेटाबेस यांच्यामध्ये कनेक्शन पूलर (जोडण्या वाटून देणारा मधला प्रोग्रॅम) बसवलात आणि असे सेटिंग आले तर दुर्लक्ष करायला त्याला सांगून ठेवलेत. एरर दिली असती तरी चालले असते. गुपचूप गिळून टाकणे सर्वांत वाईट.

मग 'रद्द करा' दाबले. स्क्रीन बंद झाली, सेशन तसेच राहिले. मायग्रेशन आपल्या ॲडमिन खात्याने चालते, त्यामुळे आमच्या खात्याला ते मारताही येईना. ७.५० ला टिकट टाकले. पहिले उत्तर ८.३५ ला आले: 'कृपया ब्राउझरचा कॅश साफ करून पाहा.' तिकडे पॅकहाऊसमधून फोन, 'वहीत लिहून घेऊ का, तेवढं सांगा.' घ्या म्हणालो. त्या दिवशी ३१२ क्रेट वहीत उतरले आणि रात्री दहापर्यंत आमची दोन मुले ते संगणकात भरत बसली.

९.२० च्या सुमारास बॅकअप संपला, अल्टर टेबल आपोआप पार पडले, इंडेक्स बनू लागला. ९.२४ ला आपल्या माणसाने अखेर टिकट वाचले आणि 'अडकलेले' सेशन म्हणून नेमके तेच मारले. आता कॉलम तयार, इंडेक्स अर्धवट, आणि जँगोच्या (आमचे सॉफ्टवेअर ज्या फ्रेमवर्कवर आहे त्याच्या) नोंदीत मायग्रेशन झालेच नाही. पुन्हा चालवले तर 'कॉलम आधीच आहे'. यावर सपोर्टचा सल्ला होता, फेक करून टाका, म्हणजे न चालवताच झाल्याची नोंद करा. आमच्यातल्या एकाने घाईत ते केलेही. दोन दिवस लॉट शोधायला उशीर का लागतोय ते कळेना. शेवटी इंडेक्स अवैध म्हणून पडलेला सापडला. तो काढून नवा बांधला तेव्हा गाडी रुळावर आली.

आमची चूकही लिहितो. कॉलम आणि इंडेक्स वेगवेगळ्या मायग्रेशनमध्ये हवे होते. टेबल न अडवता बांधायचा इंडेक्स ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होते नाहीतर काहीच होत नाही अशा गटात) बसत नाही, म्हणून आम्ही सगळ्या फाइलचेच ट्रान्झॅक्शन बंद केले होते. त्यामुळे अर्धे राहिले ते अर्धेच राहिले. पण पावणेदोन तास टेबल अडले ते त्यामुळे नव्हे.

अहवाल दुरुस्त करून त्यात बॅकअपची बदललेली वेळ आणि पूलरने टाकून दिलेले सेटिंग यांचा उल्लेख करावा. पॅकहाऊसने आमचे या महिन्याचे बिल 'सदोष मायग्रेशन' या तुमच्याच शब्दांवर बोट ठेवून अडवले आहे. चालू महिन्याचे शुल्क परत करावे. रद्द करण्याचे बटण खरोखर रद्द करत नसेल तर ते काढून टाकावे.

पुढचे मायग्रेशन येत्या गुरुवारी सकाळी आहे. त्या दिवशी बॅकअप किती वाजता सुरू होणार, हे भारतीय वेळेत बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवावे.

आपला,
एक ग्राहक
सातपूर, नाशिक