ओझरचं विमान आणि अंबडचे सुटे भाग

महोदय,

स. न. वि. वि.

'तेजस' या स्वदेशी लढाऊ विमानावरून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सध्या दोनच प्रकारची पत्रं दिसतात. एकात अभिमानाने ऊर भरून आलेला असतो. दुसऱ्यात वैताग : १९८३ साली मंजूर झालेलं विमान, चाळीस वर्षं उलटली तरी वायुदलाला पुरेशी विमानं मिळत नाहीत, त्यापेक्षा बाहेरून घ्या आणि मोकळे व्हा. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस कोसळलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले, आणि वैतागाच्या पत्रांना जोर आला. मला दोन्ही बाजूंशी थोडं भांडायचं आहे. मी विमानशास्त्रातली तज्ज्ञ नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात माझी नोकरी झाली आणि त्यातला बराच काळ विमानाला लागणारे बारके भाग मोजण्यात गेला. तेव्हा मायक्रोमीटर हातात धरून जेवढं दिसतं तेवढंच लिहिते.

आधी चाळीस वर्षांचा हिशेब. मंजुरी १९८३ ची, ते आखण्यासाठी बंगळूरला एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी उभी राहिली १९८४ ला आणि पहिलं उड्डाण झालं ४ जानेवारी २००१ ला. मधली वर्षं कुठे गेली असं विचारणाऱ्यांनी त्याच्याही आधीची वर्षं विचारायला हवीत. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या नामवंत वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे, आपला मराठी माणूस, यांच्या आखणीतलं 'एचटी-२' हे शिकाऊ विमान १९५१ सालीच उडालं होतं. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेलं 'मरुत' हे लढाऊ विमान १७ जून १९६१ ला आकाशात गेलं. अशी १४७ विमानं बनली आणि १९७१ च्या युद्धात ती राजस्थानच्या आघाडीवर लढली. मरुतचं दुखणं इंजिनाचं. सांगाडा आवाजाहून वेगाने जाण्यासाठी आखलेला, पण बसवलेलं ऑर्फियस इंजिन त्या ताकदीचं नव्हतं. जास्त ताकदीचं इंजिन विकसित करायला ब्रिटिश कंपनीने खर्चात वाटा मागितला आणि आपण तो दिला नाही. मग उत्पादन थांबलं. पुढचं स्वतःच्या आखणीचं लढाऊ विमान कागदापलीकडे गेलं नाही, त्यामुळे ते काम शिकलेली माणसं निवृत्त झाली, पांगली. तेजसला हात घातला तेव्हा शिकवायलाच फारसं कुणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षांतली निदान पहिली दहा-पंधरा या खाड्याची किंमत आहेत असं माझं मत आहे. उरलेल्या वर्षांत ढिलाई झाली नाही असं मी म्हणत नाही. भरपूर झाली.

'मग इतकी वर्षं ओझरला विमानं बनत होती ती काय?' असं कुणी म्हणेल. बनत होती. ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली रशियन मिग-२१ साठीच उभा राहिला, नंतर तिथे सुखोई बनली, आणि नाशिकच्या पट्ट्यातल्या कित्येक घरांत त्या पगारावर चूल पेटली. पण परवान्यावर बनवणं आणि स्वतः आखणं यात जो फरक आहे, तो मला पुस्तकापेक्षा तपासणीच्या टेबलावर जास्त कळला.

समजा, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा एक ब्रॅकेट, म्हणजे दुसरा भाग धरून ठेवणारा आधार, आहे. तळहातात मावेल एवढा. तो अखंड ठोकळ्यातून कोरून काढायचा असतो, ठोकळ्याचा बहुतेक भाग बर, म्हणजे धातूचा कीस, होऊन ड्रममध्ये जातो. मशीनवर घट्ट पकडलेला असतो तोवर मोजमाप बरोबर येतं. क्लॅम्प सोडला की पातळ भिंत किंचित उमलते, कारण धातूच्या आत कोंडलेला ताण मोकळा होतो. म्हणून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने थोडं थोडं कापायचं, मध्ये जॉबला, म्हणजे घडत असलेल्या भागाला, विसावू द्यायचं, मगच शेवटचा कट. सांगणारा मुरलेला असेल तर हे सगळं दोन वाक्यांत सांगतो, आणि ती दोन वाक्यं हाताला यायला दोन वर्षं जातात. नंतर भेगा शोधायला रंगद्रव्य लावून अंधाऱ्या खोलीत जांभळ्या उजेडाखाली पाहायचं. हत्याराची एक ओरखड जरी राहिली तरी हजारो वेळा ताण पडून पुढे तिथूनच भेग सुरू होते. धातूच्या मूळ ओतकामाचा हीट नंबर ठोकळ्यापासून तयार भागापर्यंत कागदोपत्री सोबत चालत आला पाहिजे. आमच्याकडे जॉबपेक्षा त्याची फाइल जड असायची. जो भाग नापास होई त्याला लाल रंग फासून करवतीने त्याचे दोन तुकडे करायचे, चुकूनसुद्धा कुणी तो उचलून बसवू नये म्हणून. नवीन आलेल्या पोरांना ते बघवत नसे.

आता मुद्दा. अशा ब्रॅकेटचं एक भोक ड्रॉइंगमधल्या मर्यादेच्या तीस मायक्रॉन बाहेर गेलं. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. चालेल की नाही? आखणी परक्याची असेल तर इथे कुणीच सांगू शकत नाही. मर्यादा तेवढीच का ठेवली हे ड्रॉइंग लिहिणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो दुसऱ्या देशात. मग कापा करवतीने, नाहीतर चौकशी पाठवून महिनोन्‌महिने बसा. आखणी इथली असेल तर आपला अहवाल जातो, तिकडचा अभियंता त्या भोकावर किती भार येतो ते पुन्हा गणित करून बघतो आणि सांगतो : घ्या, किंवा फेका. एकदा तर उलट घडलं. आमच्या सुपरवायझरने विचारलं की या कोपऱ्याची गोलाई थोडी वाढवली तर नेहमीचं हत्यार बसेल आणि वेळ निम्मा होईल. काही आठवड्यांत ड्रॉइंगच बदलून आलं. 'का' विचारलं की उत्तर द्यायला माणूस देशात आहे, याला मी स्वावलंबन म्हणते. विमानावर तिरंगा कुठल्या कारखान्यात रंगवला हे त्यानंतरचं.

याचं मोठं उदाहरण तेजसमध्येच आहे. हे विमान मुद्दाम अस्थिर आखलं आहे, म्हणजे ते चपळ वळतं, पण संगणकाने क्षणोक्षणी सावरलं नाही तर वैमानिकाच्या ताब्यात राहणार नाही. ती नियंत्रणप्रणाली करताना आपले लोक अमेरिकेत तिथल्या कंपनीबरोबर काम करत होते. १९९८ ला पोखरणच्या चाचण्या झाल्या, निर्बंध आले, आपल्या लोकांना परतावं लागलं, साहित्य तिकडेच राहिलं. ते काम मग इथे पूर्ण झालं आणि अडीच-तीन वर्षांत विमान उडालं. आज त्या प्रणालीत काही बदल हवा असेल तर कुणाची परवानगी लागत नाही.

इंजिनाच्या बाबतीत मात्र असा 'का'चं उत्तर देणारा माणूस आपल्याकडे अजून तयार व्हायचा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए (तेजसची सुधारित आवृत्ती) विमानांचा करार झाला, त्याच वर्षी अमेरिकेच्या जीई कंपनीकडे ९९ एफ-४०४ इंजिनं मागवली गेली आणि त्यातलं पहिलं हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. तोवर इकडे विमानं जुळत होती आणि इंजिनाची वाट बघत होती. यावर 'परकं इंजिन म्हणजे विमानच परकं' म्हणणाऱ्यांना सांगते, स्वीडनच्या ग्रिपेनचं मूळ इंजिनही याच एफ-४०४ वरून घडवलेलं आहे आणि स्वीडनला कुणी हसत नाही. कमीपणा नाही, पण रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांग कुठे थांबेल ते दुकानदार ठरवतो.

आपलं कावेरी इंजिन १९८० च्या दशकातच सुरू झालं होतं. हवी ती ताकद मिळेना, वजन उतरेना, शेवटी २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं. अडचण कुठे असते हे सामान्य वाचकाला कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. टर्बाइनच्या पात्यांवरून जाणारा वायू ज्या धातूची ती पाती आहेत त्याच्या वितळबिंदूपेक्षाही जास्त तापलेला असतो. पातं टिकतं ते दोन कारणांनी : त्याच्या पोटातून बारीक वाटांनी थंड हवा खेळवलेली असते आणि अख्खं पातं धातूच्या एकाच स्फटिकाचं वाढवलेलं असतं, कारण कणाकणांच्या सीमा असल्या की तिथूनच ते उष्णतेत हळूहळू ताणलं जाऊन तुटतं. असं पातं ओतायला शिकताना शेकड्याने पाती वाया जातात. ती वाया घालवण्याची तयारी आणि पैसा आपण सलग कधी ठेवला नाही. पाचव्या पिढीच्या, म्हणजे रडारला सहज न सापडणाऱ्या, आगामी लढाऊ 'अ‍ॅम्का' विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर इंजिन विकसित करायचं ठरतं आहे. तिथे ड्रॉइंग येणार की त्यामागचं 'का'सुद्धा येणार, यावर संसदेत घसा कोरडा होईपर्यंत प्रश्न विचारले जावेत.

आता थोडं घरचं. मागणी कशी येते यावर सगळं अवलंबून असतं. तेजसची सुरुवातीची मागणी वीस, मग आणखी वीस. एवढ्यावर कुठला लहान कारखानदार कर्ज काढून पाच अक्षांचं, म्हणजे सगळ्या बाजूंनी कापणारं, मशीन घेईल? आमच्या मालकांनी तरी घेतलं. सुट्या भागांची एक मागणी आली (कुणाकडून ते लिहीत नाही, नाव घेऊन उपयोग नाही आणि ते माणसं म्हणून वाईट नव्हते), माल वेळेत गेला, पास झाला, आणि बिल अडकलं. पुढची मागणी येईल येईल म्हणता म्हणता वर्ष गेलं. बँकेचा हप्ता काही विमानाची वाट बघत नाही. ते मशीन विकलं गेलं, त्यावर हात बसलेली दोन पोरं मोटारींच्या सुट्या भागांकडे गेली. परत काम आलं तेव्हा नव्या पोरांना क्लॅम्प सोडल्यावर भिंत का उमलते इथपासून शिकवावं लागलं. मरुतच्या वेळी बंगळूरला जे झालं तेच आमच्या गाळ्यात लहान प्रमाणात झालं.

म्हणून २५ सप्टेंबर २०२५ चा ९७ विमानांचा, ६२,३७० कोटी रुपयांचा करार मला आकड्यापेक्षा सलगतेसाठी महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच दिवशी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि वायुदलाच्या मंजूर ४२ लढाऊ स्क्वाड्रनपैकी (विमानांच्या तुकड्यांपैकी) २९ च्या आसपास उरली. तेव्हा काही विमानं बाहेरून घ्यावी लागतील हे उघड आहे, त्याला माझा विरोध नाही. सीमेवर उभ्या असलेल्यांना 'थांबा, आमची पोरं शिकताहेत' असं सांगता येत नाही. पण बाहेरून घेतलं म्हणून इथली मागणी कापली, असं पुन्हा होऊ नये.

अभिमानाची पत्रं लिहिणाऱ्यांशी माझं भांडण ६४ टक्क्यांवरून आहे. नव्या करारातल्या विमानांत ६४ टक्क्यांहून अधिक भाग स्वदेशी असतील आणि सुमारे १०५ भारतीय कंपन्या सुटे भाग बनवतील, असं सरकारने जाहीर केलं आहे. उत्तम. पण अंबडला कोरलेला ब्रॅकेट स्वदेशी धरताना ज्या ठोकळ्यातून तो कोरला तो कुठून आला हे मोजलं जातं का? आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी ठोकळ्यांच्या प्रमाणपत्रांवर परदेशी गिरणीचा शिक्का असे. धातू येईपर्यंत मशीन रिकामं, आणि धातू आला की 'उद्याच माल द्या'.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला तेजसची तिसरी उत्पादनसाखळी सुरू झाली, तिथलं पहिलं मार्क-१ए उडालं, आणि आपण पहिल्या पानावर सुंदर फोटो छापलात. माझ्या नातवाने तो कापून कपाटाला चिकटवला आहे. आता विनंती अशी, की वर्षाला आठ विमानांची क्षमता सांगितली गेली आहे, तर दर सहा महिन्यांनी आपला प्रतिनिधी ओझरला पाठवून प्रत्यक्ष किती वायुदलाच्या ताब्यात गेली ते छापावं. त्याच फेरीत अंबड-सातपूरच्या चार गाळ्यांतही त्याला पाठवा. तिथे मालकाला विचारायचं : शेवटचं बिल कधी मिळालं, पुढची मागणी किती महिन्यांची हातात आहे, धातू कुठून येतो, आणि गेल्या वर्षीचा मशीनवरचा पोरगा अजून आहे का.

आपली,
एक निवृत्त तपासनीस,
सिडको, नाशिक

(नाव छापू नये. मुलगा याच धंद्यात आहे.)