बिशपचा हिशेब

प्रिय मंद्या,

शाळा सुरू झाली असेल, म्हणजे तू परत लसावि-मसाविमध्ये बुडालेला असणार. म्हणूनच तुला या माणसाबद्दल सांगायचंय. जॉन कोलेन्सो, कॉर्नवॉलचा, जन्म १८१४. केंब्रिजला गणितात दुसरा आला, मग हॅरोच्या शाळेत मास्तर, तिथे आग लागून डोक्यावर कर्ज झालं, पण अंकगणित-बीजगणिताची त्याची पुस्तकं तुफान चालली. आणि १८५३ मध्ये हा गडी दक्षिण आफ्रिकेत नेटालचा पहिला अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा) बिशप!

तिथे तो झुलू शिकला, डिक्शनरी केली, बायबल झुलूत आणायला घेतलं. मदतीला विल्यम न्गिदी नावाचा झुलू माणूस होता, त्याने नोहाच्या जलप्रलयाचं काम चालू असताना सरळ विचारलं, हे सगळं खरंच घडलं का हो? दुसरा कोणी असता तर दटावून गप्प केलं असतं, हा हिशेबच करायला बसला. बायबलात मोशेबरोबर इजिप्तमधून निघालेले इस्राएली सहा लाख पुरुष, म्हणजे बायकापोरं धरून वीसेक लाख माणसं रानात, रोज इतकी बाळंतपणं, दर बाळंतपणामागे देवाला अर्पण करायची आणि याजकाने, म्हणजे पुरोहिताने, खायची इतकी कबुतरं, आणि याजक फक्त तीन, म्हणजे एकेकाने रोज ८८ कबुतरं खायची!! मी तर हसून गडबडा लोळलो.

१८६२ ला हे छापून आल्यावर बोंबाबोंब. केप टाऊनच्या बिशप ग्रेने पाखंडी ठरवून त्याला काढून टाकलं, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या वरच्या कोर्टाने, १८६५ मध्ये तो निकालच रद्द केला, मग विरोधकांनी आपला वेगळा बिशप आणला. एका गावात दोन बिशप, दोन कॅथेड्रल. आपल्याकडच्या देवस्थान ट्रस्टची भांडणं फिकी पडतील.

पण लोक या कबुतरांवरच थांबतात आणि मला ते पटत नाही. १८७३ मध्ये नेटालमधल्या ह्लुबी जमातीचा राजा लंगालिबालेले याला बंदुकांच्या नोंदणीवरून बंडखोर ठरवलं, त्याला नीट वकीलसुद्धा मिळाला नाही, रवानगी रॉबेन बेटावर, हो तेच, मंडेलांचं. कोलेन्सो सगळी साक्ष तपासत बसला, तीच मास्तरकीची खोड, आणि खटला खोटा दिसला तसा थेट लंडन गाठून भांडला. गव्हर्नरला परत बोलावलं गेलं. मात्र शेपस्टोन, नेटाल सरकारात आफ्रिकी लोकांचा कारभार बघणारा अधिकारी, हा त्याचा जिवलग दोस्त कायमचा तुटला, आणि धर्माच्या भांडणात पाठीशी राहिलेले गोरे लोकही फिरले. माझ्या मते खरी किंमत त्याने इथे मोजली. १८७९ ला इसान्डल्वानाला झुलूंनी इंग्रज फौज कापून काढली, सगळे सूड सूड करत होते, तेव्हा याने मीखा संदेष्ट्याचं न्यायाने वाग, दया कर हे वचन घेऊन प्रवचन दिलं आणि लढाई आपणच लादली हे सुनावलं.

१८८३ ला गेला. पुढे त्याची मुलगी हॅरिएट झुलू राजा दिनुझुलूसाठी वर्षानुवर्षं सरकारशी भांडत राहिली, तिच्यावर वेगळं पत्र लिहीन. तोवर तू ती कबुतरं वर्गात दे सोडवायला आणि पोरं काय म्हणतात ते कळव.

तुझा,
सुऱ्या