म्हाताऱ्या मांजरांची तपासणी : येत्या रविवारी

सर्व मांजरपालक सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पशुवैद्यक येणार आहेत. ७ वर्षांपुढच्या मांजरांना आधी घेतलं जाईल. नावं शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.

- मांजर पिंजऱ्यातच आणा, कडेवर नको. पिंजरा आजच उघडा ठेवून आत तिचं नेहमीचं फडकं घाला, म्हणजे रविवारी ओढाताण होणार नाही.
- लसीकरणाचं कार्ड आणा. रेबीजची लस राहिली असेल तर तिथेच टोचून घ्या.
- वजन, दात आणि रक्त तपासलं जाईल. उतारवयात मूत्रपिंडाचा आजार फार मांजरांना होतो आणि तो आतल्या आत वाढतो. पाणी जास्त पिणं, लघवी वाढणं, वजन उतरणं यांपैकी काही दिसत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, ही कळकळीची विनंती.

रविवारपर्यंत थांबायचं नाही अशा दोन गोष्टी: बोका लघवीला बसतोय पण होत नाहीये, किंवा मांजरानं दिवसभर तोंडात काही घेतलेलं नाही. तेव्हा लगेच दवाखाना गाठा. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

आणि घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा नाही. तिच्यासाठी ते विषच आहे.

ज्येष्ठ सभासदांना मांजर खाली आणायला मदत हवी असल्यास ग्रुपवर लिहा, कोणीतरी वर येईल.